‘आढळले नाही’ म्हणजे नेमकं किती? प्रोटीन पावडरमधल्या शिशाबद्दल

प्रश्न नाशिकच्या एका ताईंचा आहे. घरात चॉकलेट चवीच्या वनस्पतिजन्य प्रोटीन पावडरचा (मटार आणि तांदूळ) मोठा डबा आणलेला आहे. सतरा वर्षांचा मुलगा जिमला जातो, दिवसाला दोन स्कूप घेतो. जाऊबाईंना पाचवा महिना लागलाय, त्या सकाळी दुधातून एक स्कूप घेतात. सासऱ्यांचं क्रिएटिनीन (किडनीचं काम कसं चाललंय ते दाखवणारा रक्तातला आकडा) जरा वाढलेलं आहे, तरी ‘अंगात ताकद यावी’ म्हणून तेही अर्धा स्कूप घेतात. पावडरीत शिसं सापडल्याच्या बातम्या वाचून ताईंनी कंपनीला विचारलं, तेव्हा कंपनीने तपासणीचा रिपोर्ट पाठवला. त्यात शिशापुढे ‘आढळले नाही (एलओक्यू ०.५ मिग्रॅ/किग्रॅ)’ आणि खाली ‘नियमांनुसार योग्य’ असं लिहिलंय. हा रिपोर्ट पुरेसा आहे का, डबा फेकून द्यावा का, रक्त तपासावं का आणि पावडर बंद केली तर मुलाला काय द्यावं, असं त्या विचारतात.

ताई, मी गेली २२ वर्षं अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत धातूंच्या विभागात काम करते. आधी सरळ उत्तर देते, कारणं मागून सांगते. हा रिपोर्ट पुरेसा नाही. जाऊबाईंनी ही पावडर आजपासून थांबवावी. मुलानेही थांबवावी. सासऱ्यांनी त्यांच्या किडनीच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुठलीच प्रोटीन पावडर घेऊ नये, मग ती कितीही शुद्ध असो. आजवर जे पोटात गेलं त्याने रातोरात काही होत नाही, तेव्हा घाबरून जाऊ नका. पण रोज घेण्याची वस्तू आहे, म्हणून रोजचा हिशोब मांडायलाच हवा.

तो हिशोब इतका सोपा आहे की वहीच्या मागच्या पानावर होतो. रिपोर्टावर मिग्रॅ/किग्रॅ लिहिलेलं असो वा पीपीएम, दोन्ही एकच. आणि १ पीपीएम म्हणजे दर ग्रॅम पावडरीत १ मायक्रोग्रॅम. तेव्हा रिपोर्टावरचा आकडा घ्यायचा आणि दिवसाला जितके ग्रॅम पावडर पोटात जाते तितक्याने गुणायचा. उत्तर थेट रोजच्या मायक्रोग्रॅममध्ये येतं.

तुमच्या रिपोर्टावर ‘आढळले नाही’ असं आहे, पण कंसात एलओक्यू ०.५ आहे. एलओक्यू म्हणजे ती प्रयोगशाळा खात्रीने मोजून सांगू शकते असा सगळ्यात लहान आकडा. त्याच्या खालचं सगळं तिच्या दृष्टीने ‘नाही’. म्हणजे तुमच्या पावडरीत शिसं शून्य असेल किंवा ०.४९ पीपीएम असेल, रिपोर्ट अक्षर न् अक्षर सारखाच छापला जाईल. आता गुणाकार करा. डब्यातला स्कूप ३५ ग्रॅमचा धरला, तर ०.५ गुणिले ३५ म्हणजे साडेसतरा मायक्रोग्रॅम. मुलाचे दोन स्कूप म्हणजे ३५ मायक्रोग्रॅम. इतकं शिसं या ‘आढळले नाही’च्या आड बसू शकतं. बसलंच आहे असं मी म्हणत नाही. नाही हे दाखवायला हा रिपोर्ट निरुपयोगी आहे, एवढंच सांगते. धान्याच्या काट्यावर नथीतला मोती ठेवला तर काटा हलणार नाही, पण म्हणून मोती नाहीच असं कुणी म्हणत नाही.

हा काटा असा का, हे समजायला प्रयोगशाळेत काय चालतं ते थोडं बघा. पावडर नीट ढवळून त्यातली साधारण अर्धा ग्रॅम टेफ्लॉनच्या भांड्यात घेतो आणि तिच्यावर नायट्रिक आम्ल घालतो. व्हॅनिलाची वे (दुधापासूनची) पावडर गुपचूप विरघळते. चॉकलेटची मात्र फेसाळून वर येते आणि तांबूस धूर सोडते, कारण कोकोत स्निग्ध अंश असतो. म्हणून चॉकलेटचे नमुने आम्ही रात्रभर धुराच्या कपाटात नुसतेच ठेवतो आणि सकाळी मायक्रोवेव्ह डायजेस्टरमध्ये चढवतो. दोनशे अंशांच्या आसपास तापवल्यावर उरतं ते फिकट पिवळसर, स्वच्छ पाणी. त्यात अतिशुद्ध पाणी घालून ५० मिलिलिटर करायचं आणि यंत्राला द्यायचं. आयसीपी-एमएस नावाच्या या यंत्रात आर्गॉन वायूची हजारो अंशांची ज्योत असते. तिच्यात अणू सुटे होतात आणि वजनानुसार मोजले जातात. शिशाच्या अणूंत २०६, २०७ आणि २०८ वजनाचे असे तीन मोठे भाऊ असतात, तिघांची बेरीज घेतो. सोबत एका भांड्यात पावडर न घालता नुसतं आम्ल तसंच सगळ्या पायऱ्यांतून नेतो, म्हणजे आमच्याच काचेतून, हातमोज्यांतून किंवा हवेतल्या धुळीतून शिसं आलं असेल तर ते कळतं. या कामात धूळ हा खरा वैरी.

०.५ पीपीएम शिसं असलेली पावडर अशी विरघळवली, की शेवटच्या पाण्यात शिशाचं प्रमाण अब्जात पाच भाग येतं. आयसीपी-एमएसला हे भलं मोठं वाटतं. ते याच्या पन्नासाव्या हिश्शापर्यंत सहज खाली जातं, म्हणजे पावडरीच्या हिशोबात ०.०१ पीपीएमपर्यंत. मग कुणी ०.५ वर का थांबतं? एक तर पद्धत जुनी असते. नाहीतर मूळ नियमाची मर्यादा २.५ धरायची, तिच्या पाचव्या हिश्शापर्यंत मोजलं की काम भागलं, असा विचार असतो. काही वेळा मुद्दाम असतं. एका उत्पादकाचा माणूस माझ्यासमोर बसून म्हणाला होता, ‘मॅडम, आकडा नको. एलओक्यू थोडी वर घ्या आणि आढळलं नाही असं लिहून द्या.’ त्याच्या नमुन्यात शिसं ०.१८ होतं. मी तोच आकडा छापला. पुढची बॅच त्याने आमच्याकडे पाठवली नाही. त्या दिवसापासून कुणीही रिपोर्ट दाखवला की मी आधी एलओक्यूचा रकाना बघते, निकाल नंतर.

आता ‘नियमांनुसार योग्य’ या शब्दांकडे येऊ. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०११ च्या मूळ नियमांत ज्या पदार्थाचं नाव वेगळं घेतलेलं नाही, त्याला शिशाची मर्यादा २.५ पीपीएम होती. अनेक रिपोर्टांच्या उजव्या रकान्यात हाच आकडा छापलेला मला अजून दिसतो. मसाल्याच्या चिमटीला तो ठीक असेल. पण २.५ ला ३५ ग्रॅमच्या स्कूपने गुणा: साडेसत्त्याऐंशी मायक्रोग्रॅम होतात. ही मर्यादा पदार्थाची आहे, माणसाची नाही. चिमूटभर खायच्या वस्तूला आणि दिवसाला ७० ग्रॅम खायच्या वस्तूला एकच पीपीएम लावणं मला इतक्या वर्षांत कधी पटलं नाही.

माणसाच्या बाजूने ठरवलेले आकडे बघा. गोळ्या-औषधांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तोंडाने घ्यायच्या औषधातून दिवसाला जास्तीत जास्त ५ मायक्रोग्रॅम शिसं चालतं. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेचे संदर्भ आकडे दिवसभराच्या सगळ्या अन्नासाठी आहेत: लहान मुलांना २.२ आणि मूल होण्याच्या वयातल्या बायकांना ८.८ मायक्रोग्रॅम. कॅलिफोर्नियाच्या ‘प्रपोझिशन ६५’ कायद्यात तर ०.५ च्या वर गेलात की इशारा छापावा लागतो. हा शेवटचा आकडा फार कडक आहे, कारण ज्या पातळीला परिणाम दिसत नाही तिला हजाराने भागून तो काढलेला आहे. बातम्यांत ‘मर्यादेच्या कित्येक पट’ असं वाचाल तेव्हा ती पट बहुतेक वेळा या ०.५ ची असते, हे लक्षात ठेवा. मात्र शिशाची अमुक पातळी सुरक्षित असं जागतिक आरोग्य संघटना आज म्हणत नाही. संघटनेच्या तज्ज्ञ समितीने पूर्वीची आठवड्याची सहन-मर्यादा २०१० मध्ये मागे घेतली, कारण त्या मर्यादेच्या आतही मुलांच्या बुद्धीवर आणि मोठ्यांच्या रक्तदाबावर परिणाम होतो असं दिसलं.

माझा स्वतःचा ठोकताळा असा आहे. तो कायदा नाही, अनुभवातून बसलेलं मत आहे. धडधाकट मोठ्या माणसाला दिवसभराच्या पावडरीतून शिसं १ मायक्रोग्रॅमच्या आत असेल तर मी हरकत घेत नाही. १ ते ५ च्या मध्ये असेल तर रोज नको, अधूनमधून चालेल. ५ च्या वर असेल तर ती पावडर मी घरात ठेवणार नाही. आणि गरोदर बाई, अंगावर पाजणारी आई, वाढत्या वयाचं मूल आणि किडनीचा पेशंट यांना आकडा माहीत नसलेली पावडर द्यायचीच नाही.

बातम्या नेमक्या काय होत्या तेही सांगते. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या ग्राहकसंस्थेने २०१० मध्ये १५ प्रोटीन पेयं तपासली होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी २३ पावडरी आणि शेक यांचे निकाल जाहीर केले. दोन तृतीयांशांहून अधिक उत्पादनांत एकाच वेळच्या मात्रेत ०.५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त शिसं होतं. वनस्पतिजन्य पावडरींत ते दुधापासूनच्या पावडरींच्या सरासरी नऊपट निघालं. सगळ्यात वरचा आकडा एका मास गेनरचा (वजन वाढवण्याच्या पावडरीचा) होता, ७.७ मायक्रोग्रॅम. इथेही गुणाकार विसरू नका. त्या मास गेनरची एका वेळची मात्राच ३१५ ग्रॅम आहे. दर ग्रॅमला पाहिलं तर ती पावडर फार घाण नव्हती, पण माणूस ती वाडगाभर खातो. शरीराला पीपीएम कळत नाही, किती पोटात गेलं तेवढंच कळतं.

त्याच वर्षीच्या जानेवारीत क्लीन लेबल प्रोजेक्ट या दुसऱ्या अमेरिकी संस्थेने ७० ब्रँडांच्या १६० पावडरींचे निकाल दिले. ४७ टक्के उत्पादनं प्रपोझिशन ६५ च्या वर होती. वनस्पतिजन्य पावडरींत वेच्या तिप्पट शिसं होतं, चॉकलेटमध्ये व्हॅनिलाच्या चौपट, आणि ‘ऑरगॅनिक’ लिहिलेल्यांत न लिहिलेल्यांच्या तिप्पट. या संस्थेने प्रत्येक ब्रँडचे आकडे खुले केले नाहीत, म्हणून मी त्यातला कल तेवढा घेते. पण तो कल आमच्या टेबलावर दिसतं त्याच्याशी जुळतो.

आपल्याकडचं महत्त्वाचं काम २०२४ चं आहे. केरळमधले यकृततज्ज्ञ डॉ. सिरियॅक अॅबी फिलिप्स यांच्या गटाने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ पावडरी तपासल्या आणि निकाल ‘मेडिसिन’ या नियतकालिकात छापले. जवळजवळ ७० टक्के पावडरींवर प्रोटीनचा आकडाच चुकीचा होता, काहींत लिहिल्याच्या निम्मंच प्रोटीन होतं. सुमारे १४ टक्क्यांत अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष आणि ८ टक्क्यांत कीटकनाशकांचे अंश होते. बहुसंख्य नमुन्यांत शिसं होतं. ज्यांत वनौषधी मिसळल्या होत्या अशा पावडरींबद्दल त्यांचं मत सगळ्यात वाईट होतं. अश्वगंधा, शतावरी, हळदीचा अर्क घातलेल्या प्रोटीनचा मोह बऱ्याच घरांत होतो. मुळं आणि साली मातीतल्या धातूंचा जास्तच साठा करतात, तेव्हा अशा मिश्रणात आणखी एक अनोळखी वाट उघडते.

हे धातू पावडरीत येतात कुठून? कुणी मुद्दाम घालत नाही. ते मातीतून येतात. पेट्रोलमधलं शिसं आपल्या देशात २००० साली बंद झालं, पण रस्त्याकडेच्या मातीत पडलेलं शिसं कुजत नाही, वाहून संपत नाही. फॉस्फेटच्या खतांबरोबर कॅडमियम हा दुसरा विषारी धातू शेतात येतो, कारण ज्या खडकापासून ते खत बनतं त्यातच तो असतो. भाताच्या खाचरात पाणी साचलेलं असतं, हवा जात नाही, आणि अशा चिखलात आर्सेनिक सुटं होऊन मुळांतून दाण्यात चढतं. म्हणून तांदळाच्या प्रोटीनमध्ये आर्सेनिकही बघावं लागतं. कोकोचं झाड मातीतून कॅडमियम ओढतं, आणि शिसं बियांच्या टरफलावर बसतं ते त्या उघड्यावर वाळत घातल्यावर, धुळीतून. ‘ऑरगॅनिक’ शब्दाने यातलं काहीच बदलत नाही. रासायनिक फवारा मारला नाही म्हणून जमिनीत आधीपासून असलेलं शिसं निघून जात नाही.

आणि खरी गोम पुढे आहे. मटाराच्या पिठात २०-२५ टक्के प्रोटीन असतं. त्यातला स्टार्च आणि चोथा काढून ८० टक्क्यांची पावडर करतात. काही धातू प्रोटीनलाच चिकटून बसतात, ते स्टार्चबरोबर जात नाहीत. म्हणजे दूध आटवून खवा करावा तसं धातूही आटून दाट होतात. वाटीभर मटाराच्या उसळीत नगण्य असलेली गोष्ट स्कूपमध्ये मोजण्याइतकी होते ती अशी.

वे पावडरीत हे कमी दिसतं याचं कारण गाय. गाईच्या अंगात मुरलेलं शिसं बरंचसं तिच्या हाडांत बसतं, कॅडमियम यकृतात आणि किडनीत अडकतं, दुधात फारच थोडं उतरतं. आपल्यासाठी गाळणीचं काम ती गाय करते. मात्र त्या वेमध्ये कोको घातला की वरचं सगळं पुन्हा लागू होतं. म्हणून कुणी मला ‘घ्यायचीच आहे, तर कोणती?’ असं विचारलं, की मी म्हणते: साधी वे, व्हॅनिला नाहीतर बिनचवीची, वनौषधी नसलेली, आणि बॅचचा आकड्यांतला रिपोर्ट देणाऱ्या कंपनीची. मंडळी ब्रँडचं नाव मागतात. ते मी देत नाही. एकाच ब्रँडच्या दोन बॅचमध्ये शिसं चौपट बदललेलं मी पाहिलंय, कारण कच्चा माल प्रत्येक वेळी वेगळ्या शेतातून येतो.

रिपोर्ट मागताना कंपनीला असं लिहा: ‘माझ्या डब्यावरच्या या बॅच नंबरचा, आयसीपी-एमएसवर केलेला, शिसं, कॅडमियम, आर्सेनिक आणि पारा यांचे आकडे आणि प्रत्येकाची एलओक्यू दाखवणारा रिपोर्ट पाठवा.’ शिसं आणि कॅडमियमसाठी एलओक्यू ०.०१ ते ०.०२ असावी. रिपोर्टावर एनएबीएलचं (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या संस्थेचं) चिन्ह आहे का पाहा, आणि ते धातूंच्या चाचणीला लागू आहे का तेही पाहा. काही प्रयोगशाळांची मान्यता नुसत्या प्रोटीन-ओलाव्यापुरती असते आणि धातूंच्या आकड्यापुढे बारीक तारा असतो. खाली ‘नमुना ग्राहकाने आणून दिला’ असं वाक्य असेल, तर याचा अर्थ कंपनीने स्वतः निवडून पाठवलेली पुडी तपासली आहे, दुकानातला डबा नाही. त्यात फसवणूक असतेच असं नाही, पण वजन कमी पडतं. खेळाडूंच्या पावडरींवर जे शिक्के असतात, त्यातले काही नुसते उत्तेजक द्रव्यांसाठी असतात. धातूंचा त्यांच्याशी संबंध नसतो.

स्वतः तपासून घ्यायची सोयही कायद्यात आहे, पण फार थोड्यांना ठाऊक आहे. अन्नसुरक्षा कायदा २००६ च्या कलम ४० नुसार कुणीही ग्राहक फी भरून विकत घेतलेला पदार्थ अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. अट अशी की विकत घेतानाच दुकानदाराला ‘मी हे तपासायला देणार आहे’ असं सांगावं लागतं. पदार्थ नियमात बसला नाही तर फी परत मिळते. तुमच्या उघडलेल्या डब्याला हे लागू होणार नाही, पण गावातल्या जिममधली आठ-दहा मुलं मिळून एक सीलबंद डबा असा देऊ शकतात. खासगी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिलात तर उघडलेलाही चालतो. फक्त चमचा कोरडा आणि स्वच्छ असू द्या. एकदा एक वडील मुलाची पावडर पितळेच्या डबीतून घेऊन आले होते. पितळेत तांबं आणि जस्त तर असतंच, बहुधा थोडं शिसंही असतं. तो नमुना मला परत करावा लागला. मूळ डब्यातच आणा, नाहीतर नवीन झिपच्या पिशवीत.

आता घरातल्या एकेकाचं बघू.

जाऊबाईंचं आधी. शिसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. शिवाय बाळाची हाडं घडताना आईच्या हाडातलं कॅल्शियम निघतं आणि त्याच्यासोबत जुनं साठलेलं शिसंही रक्तात उतरतं. अंगात लोह आणि कॅल्शियम कमी असेल तर आतडं शिसं आणि कॅडमियम जास्त ओढून घेतं, आणि आपल्याकडे गरोदरपणात लोह कमी असणं किती सर्रास आहे ते सांगायला नको. म्हणून पावडर बंद आणि डॉक्टरांनी दिलेल्या लोह-कॅल्शियमच्या गोळ्या न चुकता, हे दोन्ही एकत्र करायचं. लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्यांत दोन-तीन तासांचं अंतर ठेवा.

मुलाचं वय अजून वाढीचं आहे. जिमच्या ट्रेनरने दोन स्कूप सांगितले असतील, पण त्याची गरज तेवढी आहे का? आयसीएमआर-एनआयएन या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीत प्रौढ माणसाला दर किलो वजनाला ०.८३ ग्रॅम प्रोटीन पुरतं. मुलगा ६० किलोचा असेल तर ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला त्याच्या जवळजवळ दुप्पट धरलं तरी ९५ च्या आसपास. ताटात मांडून बघा: दोन मोठे पेले दूध १६ ग्रॅम, तीन अंडी १८, कोरड्या ५० ग्रॅम सोयाबीन वड्या २६, मटकीची उसळ वाटीभर ८-९, मूठ-दीड मूठ फुटाणे १० आणि पोळ्या-भाकरीतून १२ तरी. नव्वदच्या पुढे गेलोच. अंडी चालत नसतील तर पनीर आणि दही वाढवा. या सगळ्यातही मातीतले धातू असतात, पण किंचित असतात आणि वेगवेगळ्या शेतांतून येतात. एकाच डब्यातलं, एकाच बॅचचं, रोज, महिनाभर असं होत नाही. याच संस्थेने २०२४ च्या आहार मार्गदर्शनात शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडरी टाळा असं स्पष्ट म्हटलंय.

सासऱ्यांच्या बाबतीत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. क्रिएटिनीन वाढलेलं असताना जादा प्रोटीन घ्यायचं की कमी करायचं, हे त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. आणि कॅडमियम किडनीत साठतं ते निम्म्यावर यायलाच १०-३० वर्षं लागतात. आधीच दमलेल्या किडनीवर ते ओझं नको.

घरातल्या बाकीच्या वाटाही एकदा डोळ्यांखालून घाला, कारण शरीर सगळ्या वाटांची बेरीज करतं. सुटी, भडक पिवळी हळद. कुठूनही करून आणलेली कल्हई, कारण कथलात शिसं मिसळलेलं असू शकतं. जुन्या खिडक्यांचा पोपडे सुटलेला रंग. भस्म असलेली औषधं. पावडर बंद केली आणि यातलं एखादं चालू राहिलं, तर अर्धंच काम झालं.

रक्ताची तपासणी जाऊबाईंची करून घ्या, मुलाची केलीत तरी चालेल. डॉक्टरांना ‘रक्तातलं शिसं, होल ब्लड’ असं लिहून द्यायला सांगा. शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींत असतं, त्यामुळे सीरमवर केलेली चाचणी काही सांगत नाही. गरोदर बाईत ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधून बंद करा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आकडा थोडा वर आला तरी धीर सोडू नका. रक्तातलं शिसं पावडर थांबल्यावर साधारण महिन्याभरात निम्म्यावर येतं. दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासलं की उतार दिसतो. केसांची तपासणी, ‘डिटॉक्स’चे चहा, आणि गोळी देऊन मग लघवी तपासण्याचे प्रकार कुणी सुचवले तर पैसे घालवू नका. शिसं काढण्याची खरी औषधं जड असतात, ती बऱ्याच वरच्या आकड्यांना आणि दवाखान्यात देतात.

आणि डबा फेकू नका. झाकण घट्ट लावून, मुलाच्या हाताला लागणार नाही असा वर ठेवून द्या, बिलही सोबत ठेवा. बॅच नंबरचा फोटो काढा. नमुना तपासायचा ठरला किंवा अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करायची वेळ आली, तर तोच डबा, तीच बॅच आणि तेच बिल लागेल.